परवडणारे बेस ॲम्प: वॉट, स्पीकर, आणि मांडवातलं अर्थिंग

चौतारी

गिटारच्या ॲम्पवर ढीगभर चर्चा होते. बेसवाल्याला मात्र "कुठलाही मोठा स्पीकर घे, चालतंय" असं म्हणून वाटेला लावतात. म्हणून हा वेगळा धागा.

प्रश्न नेमका मांडतो. चार तारांचा पॅसिव्ह (आत बॅटरीची सर्किट नसलेला) बेस आहे. तालीम १२ बाय १४ फुटांच्या खोलीत, ड्रमसेट खरा, शिवाय एक गिटार आणि एक कीबोर्ड. घरी फ्लॅटमध्ये रियाज. गणपती-नवरात्रात मांडवात ऑर्केस्ट्रा, तिथे पीए (लोकांसाठीची साउंड सिस्टम) असतोच. ॲम्प स्कूटरवर पायाशी ठेवून नेता आला पाहिजे. डोळ्यांसमोर चार आहेत: फेंडर रंबल २५, रंबल ४०, हार्टके एचडी५० आणि ऑरेंज क्रश बेस २५. किमती दर सहा महिन्यांनी बदलतात, त्यावर नको बोलूया. कशात काय मिळतं, काय मिळत नाही आणि जुना घ्यायचा तर काय तपासायचं, एवढं सांगा.

खर्जातला_षड्ज

यादीतले दोन आत्ताच खोड. रंबल २५ आणि क्रश बेस २५, दोन्ही २५ वॉट, दोन्हींत ८ इंची स्पीकर. घरासाठी उत्तम आहेत. क्रशमध्ये तर ट्यूनर आतच आहे आणि मिडची फ्रीक्वेन्सी फिरवून निवडता येते, शिकणाऱ्याचा कान त्याने तयार होतो. पण खऱ्या ड्रमसमोर दोन्ही बुडतात.

आता वॉटचं गणित, कारण सगळे इथेच फसतात. वॉट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो. कानाला "दुप्पट झाला" असं वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. २५ वरून ४० वर गेलास तर हाती येतात २ डेसिबल. एवढ्यासाठी कोणी पैसे मोजू नयेत. खरा फरक पडतो तो स्पीकरमुळे. हवा ढकलणारं क्षेत्रफळ ८ इंचीचं अंदाजे २१५ चौरस सेंटिमीटर, १० इंचीचं ३४०, १२ इंचीचं ५२५ आणि १५ इंचीचं ८५०. दोन १० इंची मिळून ६८० होतात, म्हणजे एका १२ इंचीपेक्षा बरेच जास्त.

मोकळी ई ची तार ४१ हर्ट्झला वाजते. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ ला. एक सप्तक खाली तेवढाच आवाज काढायचा तर स्पीकरच्या कोनला (पडद्याला) चौपट अंतर पुढेमागे जावं लागतं. लहान कोन तेवढा जाऊच शकत नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर दुकानात कुठल्याही ८ इंची कॉम्बोची (ॲम्प-स्पीकर एकाच डब्यात असतो त्याची) जाळी काढायला सांग (बऱ्याचशा वेल्क्रोवर असतात), बेसचा खटका (फिरवायचा नॉब) पूर्ण वर कर, व्हॉल्यूम निम्म्यावर ने आणि ई ची मोकळी तार अंगठ्याने मार. कोन एखाद्या बेडकाच्या गळ्यासारखा आत-बाहेर होताना दिसेल. सूर भरीव येण्याऐवजी "फर्र" असा फाटेल आणि पोर्ट (हवेचं भोक) असलेल्या डब्यातून फुस्स करून वारा येईल. आता व्हॉल्यूम तसाच ठेवून बेसचा खटका १२ वाजता, म्हणजे मध्यावर, आण. आवाज मोठा वाटेल. कमी केल्यावर मोठा! कारण ॲम्पची ताकद कोनाची निष्फळ धडपड चालवण्यात खर्च होत होती.

तुझ्या खोलीसाठी माझ्या मते किमान रंबल १००. स्पीकर १२ इंची, वजन १० किलोच्या आसपास, स्कूटरवर बसतो.

नादखुळा

षड्जराव, गणित बरोबर, पण निकाल जरा महाग लावलात. भावाला मांडवात वाजवायचंय आणि तिथे पीए आहे. मांडवात ॲम्पचं काम एकच: वाजवणाऱ्याला स्वतःचं ऐकू येणं. लोकांना ऐकवायचं काम पीएच्या १८ इंची सबचं (खर्जाच्या स्पीकरचं). १९६९ ला ॲम्पेगने ३०० वॉटचा एसव्हीटी काढला, कारण तेव्हाच्या पीएवर मुख्यतः गायनच जायचं आणि बेसला स्वतःच्या बळावर मैदान भरावं लागायचं. आज त्या मापाने खरेदी करायची गरज नाही.

म्हणून वॉट मोजण्याआधी मागच्या बाजूला तीन पिनांचा एक्सएलआर, म्हणजे बेस थेट पीएला पाठवायचा जॅक, आहे का ते बघ. रंबल ४० ला आहे, २५ ला नाही. ॲम्पेग रॉकेट मालिकेतल्या आरबी-११० ला पण आहे: ५० वॉट, १० इंची. त्या एका भोकाची किंमत दहा वॉटपेक्षा जास्त आहे, राव.

तालमीचं म्हणशील तर १२ बाय १४ च्या खोलीत रंबल ४० पुरतो, पण ड्रमर जरा हात राखून वाजवत असेल तर. रॉकवाला असेल तर षड्जराव म्हणतात तेच खरं.

खर्जातला_षड्ज

"हात राखून वाजवणारा ड्रमर" हे अजून बाजारात आलेलं नाही. बाकी एक्सएलआरचा मुद्दा शंभर टक्के मान्य.

पाचवी_तार

दोघांचंही म्हणणं ॲम्प कसा लावलाय यावर अवलंबून आहे. बहुतेक जण चेहरा हसरा ठेवतात: बेस वर, ट्रेबल वर, मधलं सगळं खाली. रंबलचं कॉन्टूर बटण दाबलं की नेमकं हेच होतं. घरी एकट्याने वाजवताना फार गोड वाटतं. ड्रम आणि गिटार सुरू झाले की बेस गायब, मग माणूस व्हॉल्यूम वाढवतो, मग स्पीकर फाटतो, मग नवा ॲम्प शोधायला बाहेर पडतो.

बेसच्या खटक्यावर ६ डेसिबल वाढ मागितली तर त्या पट्ट्यात ॲम्पला चौपट ताकद द्यावी लागते. ४० वॉटच्या ॲम्पकडून १६० मागण्यासारखं आहे ते.

माझी सुरुवातीची जागा अशी: कॉन्टूर बंद, सगळे खटके मध्यावर. मग लो-मिड थोडा वर, २ ते ३ वाजता नको, १ वाजताच ठेवा. साधारण २०० ते ४०० हर्ट्झमध्ये बेसची ओळख असते, गर्दीत तीच ऐकू येते. ७०० ते १००० च्या पट्ट्यात गुरगुर असते, बोटांनी वाजवणाऱ्यांना ती हवी असते. ८० ते १०० मध्ये वजन. ४० च्या खालचं छोट्या कॉम्बोत वाढवायचंच नाही, उलट काढता आलं तर काढावं. ३५-४० हर्ट्झला हाय-पास फिल्टर (त्याखालचं कापणारा) असलेला पेडल किंवा प्रीॲम्प लावला की त्याच ॲम्पमधून सरळ जास्त आवाज निघतो.

पाच तारवाल्यांसाठी वेगळी सूचना. मोकळी बी ३१ हर्ट्झ. छोट्या पोर्टवाल्या डब्यांचं ट्यूनिंग त्याहून बरंच वर असतं आणि ट्यूनिंगच्या खाली कोनावर हवेचा लगाम राहत नाही, तो मोकाट फडफडतो. तुम्हाला ऐकू येतो तो मुख्यतः ६२ हर्ट्झचा वरचा स्वर, मूळ नव्हे. त्यामुळे १० इंची कॉम्बोवर बी तारेचा "दणका" शोधू नका, नाही सापडणार.

चौतारी

ताई, हे सोनं आहे. आत्ताच दाबलेलं कॉन्टूर सोडलं.

उपप्रश्न: बँडमधल्या कीबोर्डवाल्याचा १२ इंची कीबोर्ड ॲम्प तालमीच्या खोलीत पडून असतो. तोच वापरला तर? आणि गिटार ॲम्प?

ओहम_नमः

गिटार ॲम्प: अगदी हळू आवाजात, सुरांचा सराव म्हणून ठीक. मोठ्या आवाजात अजिबात नाही. गिटारच्या स्पीकरची कॉइल (कोनामागची तारेची गुंडाळी) जेमतेम मिलिमीटरभर सरकण्यासाठी बनवलेली असते, शिवाय डब्याची पाठ बऱ्याचदा उघडी. चौपट हालचालीचं गणित वर आलंच आहे. कॉइल मागच्या लोखंडाला टेकली की "टक" आवाज येतो. दोन-चार "टक" झाले की रिवाइंडिंगवाल्याचा पत्ता शोधायचा.

कीबोर्ड ॲम्प: स्पीकर चालतो, अडचण इनपुटची आहे. पॅसिव्ह पिकअपला समोर साधारण १ मेगाओहम इनपुट लागतो. लाइन इनपुट १० ते ५० किलोओहमचा असतो. जोडलं की बेस वाजतो, पण वरचे सूर मरतात, आवाज ओल्या घोंगडीतून आल्यासारखा येतो. मग लोक ॲम्पला शिव्या देतात. उपाय सोपा: मध्ये बफर टाका, म्हणजे पिकअपवरचा हा भार स्वतःवर घेणारी सर्किट. महागडा प्रीॲम्पच पाहिजे असं नाही. बॉसचा टीयू-३ ट्यूनर पेडल बंद असतानाही बफर म्हणून काम करतो, फक्त त्याला वीज चालू पाहिजे. तो मध्ये ठेवला तरी घोंगडी निघते. ॲक्टिव्ह बेसला हा प्रश्नच नाही, त्याच्या आतच बफर असतो.

ॲक्टिव्हवाल्यांनी मात्र दोन गोष्टी पाळाव्यात. ॲम्पवर पॅड किंवा ॲक्टिव्ह लिहिलेलं बटण असेल आणि आवाज कारणाशिवाय फाटत असेल तर ते दाबा. आणि वाजवून झाल्यावर बेसमधून जॅक काढा. जॅक खुपसलेला असेपर्यंत ९ व्होल्टची बॅटरी खर्च होत राहते. मरणाऱ्या बॅटरीचा आवाज हुबेहूब फाटलेल्या स्पीकरसारखा असतो. दुरुस्तीला नेण्याआधी बॅटरी बदलून बघा, शंभरातला खर्च.

सोल्डरबाबा

वरच्या सगळ्याला अनुमोदन. जुना घ्यायचा असेल तर सोबत मल्टिमीटर, एक बेस, एक छोटी पॅच केबल आणि मोबाइल एवढं न्यायचं. क्रम असा:

बंद ॲम्प. स्पीकरची एक वायर सुट्टी करून ओहम मोजा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ५.५ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ३.६. बरोबर ८ दाखवत नाही म्हणून घाबरू नका, मीटर डीसी मोजतं. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली. ठरल्यापेक्षा खूपच कमी असेल तर आतले वेढे जळून चिकटलेत.

मग दोन्ही हातांची बोटं मधल्या टोपीच्या कडेने सारखी पसरून कोन सरळ आत ढकला, ३-४ मिलिमीटर. वाळू घासल्यासारखं "खस्स" ऐकू आलं तर कॉइल घासतेय. एका बोटाने ढकलू नका, चांगला स्पीकरही तिरका होऊन घासेल आणि सौदा उगाच मोडेल.

आता ॲम्प चालू, व्हॉल्यूम शून्य, स्पीकरच्या दोन टर्मिनलवर डीसी मिलिव्होल्ट. ५० च्या आत असेल तर निश्चिंत. १०० च्या वर असेल तर आउटपुटमध्ये काहीतरी बिघडलंय. मीटरचं एक टोक चॅसीला (ॲम्पच्या पत्र्याच्या सांगाड्याला) लावू नका. क्लास डी मध्ये (नव्या, हलक्या पद्धतीच्या ॲम्पमध्ये) बऱ्याचदा दोन्ही टर्मिनलवर सिग्नल असतो, एकही अर्थला नसतं, दोन टर्मिनलच्या मध्येच मोजायचं.

शेवटी मोबाइलवरच्या टोन जनरेटरमधून ऑक्सला साइन लहर द्या, आवाज लहान ठेवून ४० पासून २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू वर न्या. एखाद्या ठिकाणी झणझण झाली तर तो आकडा लिहून ठेवा. बेसवर तेवढ्या उंचीचा सूर सापडतो, पुन्हा पुन्हा वाजवून नेमकी जागा हाताने दाबून शोधता येते. बहुतेक वेळा जाळी, हँडल किंवा सैल पडलेला स्पीकरचा बोल्ट निघतो. बोल्ट समोरासमोरचे जोडीने आवळायचे, एका बाजूने गोल फिरत नाही, नाहीतर फ्रेम पिळते.

आता आवडता आजार. "ॲम्पचा आवाज मधेच निम्मा होतो, थाप मारली की येतो." दहातल्या सहा वेळा ॲम्प निरोगी असतो. मागे एफएक्स सेंड-रिटर्न (इफेक्ट जोडायचे दोन जॅक) असेल तर त्या दोघांत पॅच केबल लावा. आवाज भरून आला तर दोष रिटर्न जॅकच्या आतल्या स्विचचा. काही खुपसलेलं नसताना सिग्नल त्या एका बारीक पत्रीतूनच पुढे जातो, आणि पावसाळ्यात ती काळी पडते. ॲम्प बंद, प्लग काढलेला. एका जॅक पिनवर काँटॅक्ट क्लीनर मारा आणि रिटर्नमध्ये वीस-पंचवीस वेळा आत-बाहेर करा. दहा-पंधरा मिनिटं सुकू द्या. परत आला तर जॅक बदला.

खरखरणाऱ्या पॉटला (खटक्यामागच्या फिरत्या भागाला) पण तेच: पायाशी फट असते तिथे एक फवारा, या टोकापासून त्या टोकापर्यंत तीसेक फेरे. साधा डब्ल्यूडी-४० मारू नका. आज खरखर जाते, पण मागे तेलाचा थर राहतो, त्यावर धूळ बसते आणि दोन महिन्यांनी खरखर सहकुटुंब परत येते.

चौतारी

बाबा, क्लास डी की जुना जड ट्रान्सफॉर्मरवाला? दुरुस्तीच्या दृष्टीने.

सोल्डरबाबा

पाठीसाठी क्लास डी, खिशासाठी क्लास एबी, म्हणजे तो जुना जडवाला.

जुन्या एबी कॉम्बोत टीडीए७२९३ किंवा एलएम३८८६ सारखी आयसी असते, मोठ्यांत सी५२००-ए१९४३ च्या जोड्या. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडवर मिळतात आणि कुठलाही जाणता मेकॅनिक बसवतो. फक्त सी५२०० च्या नकली नगांचा सुळसुळाट आहे, ओळखीच्या दुकानातून घ्या. बसवताना मायका वॉशर आणि पेस्ट विसरली की नवा नगही पहिल्याच गाण्यात जातो.

क्लास डी मध्ये थेट बोर्डवर चिकटवलेले बारीक एसएमडी भाग आणि एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय). गेला की बऱ्याचदा अख्खं बोर्ड बदलावं लागतं, त्यामुळे वॉरंटी आणि जवळ सर्व्हिस सेंटर बघूनच घ्या. आणि हौसेने उघडू नका. २३० व्होल्ट रेक्टिफाय झाले की कॅपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी बसतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तिथेच राहतात.

एडिसनकर

इथून, अमेरिकेतून, भारतात ॲम्प नेणाऱ्यांसाठी. मागच्या पॅनेलवर काय छापलंय ते आधी वाचा. "१००-२४० व्होल्ट" असेल तर फक्त वायर बदला. संगणकाच्या मॉनिटरला लागते ती तीन पिनची कॉर्ड बसते. व्होल्टेजचा सरकता खटका असेल तर तो २३० वर करा आणि फ्यूजही बदला, २३० साठीचं रेटिंग शेजारीच छापलेलं असतं, साधारण निम्मं. फक्त "१२० व्होल्ट ६० हर्ट्झ" असेल तर स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लागेल. पॅनेलवर १५० वॉट लिहिलं असेल तर २५० व्हीए चा घ्या, काठावरचा नको.

ओहम_नमः

चांगली माहिती, एक भर. ६० हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो, कारण त्याच व्होल्टेजला गाभ्यातला चुंबकीय प्रवाह २० टक्क्यांनी वाढतो. म्हणून स्टेप-डाउनला १००-११० चा टॅप असेल तर १२० सोडून तो वापरा. आवाजात फरक कळणारही नाही, ट्रान्सफॉर्मर थंड राहील. आणि स्टेप-डाउनमधून तिसरी पिन आरपार जाते ना ते मीटरने तपासा. स्वस्तातल्या डब्यांत ती नुसती शोभेची असते.

जोडीला एक जुनं दुखणं: एक्स्टेन्शन कॅब, म्हणजे बाहेरून जोडायचा जादा स्पीकरचा डबा. दोन ८ ओहम समांतर म्हणजे ४. आठ आणि चार समांतर म्हणजे २.६७. दोन ४ ओहम म्हणजे २. ॲम्पवर "किमान ४ ओहम" लिहिलं असेल तर शेवटच्या दोन जोडण्या म्हणजे ॲम्पचं श्राद्ध. रंबल ५०० घेणाऱ्यांचा नेहमीचा गैरसमजही इथेच: आतल्या दोन १० इंचींवर तो ३५० वॉटच देतो. पाचशे हवे तर बाहेर ८ ओहमची आणखी एक कॅब लागते. टीसी बॅम२०० सारखी तळहाताएवढी हेडं (स्पीकर नसलेले नुसते ॲम्प) पण ४ ओहमलाच पूर्ण २०० देतात. ८ ओहमच्या कॅबवर त्याहून बरेच कमी.

हेड आणि कॅबमध्ये गिटारची केबल लावू नका. दिसायला सारखी, आतली तार केसाएवढी. तापते, वितळते, शॉर्ट होते. दीड चौरस मिलिमीटर तांब्याची दुपदरी वायर घ्या. स्पीकॉन (फिरवून अडकणारा स्पीकरचा कनेक्टर) असेल तर १+ आणि १-, बाकीचे दोन रिकामे.

मांडवीकाठ

गोव्याहून लिहितो. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये वाजवणाऱ्यांचा शत्रू वॉट नव्हे, खारी हवा. एक्सएलआरच्या पिना हिरवट होतात, जाळीला गंज चढतो, जॅक सगळ्यात आधी जातात. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पॅनेल आणि कोपऱ्यांचे पत्रे पुसायचे, कव्हर घालण्याआधी ॲम्प पूर्ण गार होऊ द्यायचा. गरम ॲम्पवर रेग्झिनचं कव्हर चढवलं की आत घाम धरतो. पावसाळ्यात वापर नसला तरी आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू ठेवावा, स्वतःच्या उबेने सुकतो. सिलिका जेलच्या पुड्या मागच्या पॅनेलशी ठेवा, पण पोर्टमध्ये टाकू नका, कोनापर्यंत जातात.

रेतीवर प्लायचा मंच असेल तर ॲम्प थेट फळीवर ठेवू नका. फळी ढोलासारखी घुमते, सगळं १०० हर्ट्झच्या आसपास चिखल होतं. बाटल्यांच्या प्लॅस्टिक क्रेटवर चढवा, जरा मागे कलता, तोंड कानाकडे. ॲम्पेगच्या बीए कॉम्बोंचा डबाच मुळी तिरका ठेवता येईल असा कापलेला आहे, खाली पाचर लागत नाही. उलट, उघड्यावर आवाज पातळ वाटत असेल तर ॲम्प जमिनीवर आणि भिंतीला टेकवून ठेवा. भिंत-जमीन मिळून खर्ज फुकटात वाढवतात. दहानंतर लाउडस्पीकर बंदच करायचा असतो, तेव्हा साउंड चेक लवकर उरका. देव बरें करूं.

नादखुळा

मांडवातल्या विजेचं राहिलंच. डेकोरेटरच्या बोर्डवर ॲम्प लावायच्या आधी मीटर लावा. फेज-न्यूट्रल २२० ते २४०. फेज-अर्थ साधारण तेवढंच. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ काहीतरी भलतंच, ७०-९० असं तरंगत असेल तर अर्थिंग नाहीच, फक्त भोक आहे. तिथे लावू नका, अर्थिंगचा रॉड ठोकायला लावा. लाजायचं नाही, भावांनो.

भणभण येते म्हणून तिसरी पिन तोडणारे शहाणे अजून भेटतात. आपल्या तारा आणि ब्रिज त्याच अर्थला जोडलेले असतात. पीए वेगळ्या फेजवर, ॲम्प वेगळ्या, आणि ओठ माइकला लागला की झटका. भणभण घालवायची तर ॲम्प आणि मिक्सर एकाच बोर्डवरून घ्या, तरीही राहिली तर ॲम्पच्या एक्सएलआरजवळचं ग्राउंड लिफ्ट दाबा. ते फक्त सिग्नल केबलची पिन १ सोडवतं, जिवाची अर्थ तशीच राहते. लिफ्ट नसेल तर मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय (बेस मिक्सरला जोडायचा छोटा डबा).

साउंडवाल्याला तीन गोष्टी सांगायच्या: त्या चॅनलवर ४८ व्होल्ट फँटम (मिक्सरकडून माइकला जाणारी वीज) बंद, लाइन प्री-ईक्यू (ॲम्पच्या टोनच्या खटक्यांआधीची) हवी की पोस्ट (नंतरची), आणि गेन लावताना मी सगळ्यात जोरात वाजवतो तो भाग घ्या. प्री ठेवलं तर ॲम्पवर स्वतःसाठी काहीही फिरवा, बाहेर बदल होत नाही. ॲम्पला एक्सएलआर नसेलच तर बेरिंजर बीडीआय२१ स्वस्तात काम भागवतो. मात्र त्यात मिडचा वेगळा खटका नाही, आवाज मूळचाच मधून खोलगट. ब्लेंड (मूळ आणि रंगवलेल्या आवाजाचं मिश्रण) अर्ध्याच्या खाली ठेवला तर बेस टिकतो.

फ्यूज उडाला तर तेवढ्याच रेटिंगचा, काचेवर टी लिहिलेला स्लो-ब्लो लावा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून "आजचा कार्यक्रम तरी निघेल" म्हणणाऱ्याचा कार्यक्रम निघतो, ॲम्प निघत नाही.

पाचवी_तार

आणि चौतारी, फ्लॅटमधल्या रियाजाचं कोणीच बोललं नाही. खालच्या मजल्यावर आवाज हवेतून कमी आणि स्लॅबमधून जास्त जातो. जुन्या गादीचा तुकडा किंवा जाड रबरी मॅट ॲम्पखाली घाला, आणि कोपऱ्यातून बाहेर काढा. मांडवीकाठ यांनी सांगितलेली भिंतीची युक्ती इथे नेमकी उलटी वापरायची. रात्री हेडफोन. ३२ ओहमच्या आसपासचे घ्या, २५० ओहमचे स्टुडिओवाले ॲम्पच्या भोकात अगदी क्षीण वाजतात. फक्त हेडफोनवरच भागणार असेल तर व्हॉक्सचा ॲमप्लग बेस थेट बेसमध्ये खुपसायचा, दोन ट्रिपल-ए सेल, ॲम्पच नको.

चौतारी

सगळ्यांचे आभार. मग ठरलं असं: घरी हेडफोन, तालमीला रंबल १००, जुना मिळाला तर बाबांच्या क्रमाने तपासून. ४० आणि एचडी५० बाद. हार्टकेचा एचडी७५ पण १२ इंचीच आहे ना?

खर्जातला_षड्ज

हो. १२ इंची, ७५ वॉट, अर्धा कागद-अर्धा ॲल्युमिनियमचा कोन, सात पट्ट्यांचा ग्राफिक ईक्यू. १०० आणि ७५ मध्ये सव्वा डेसिबलचा फरक, तो विसर. धातूच्या कोनाचा टणक आवाज आवडतो की रंबलचा गोलसर, कानाने ठरव. तपासताना तुझ्याच बेसने, पाठीमागे चौघे बोलत असताना वाजव. शांत दुकानात सगळेच ॲम्प छान वाटतात.

चौतारी

शेवटचं एक. सध्या उसना ॲम्प घरी आहे. ए तारेवर दुसऱ्या फ्रेटला झणझण होते, बाकी कुठे नाही. बोल्ट आवळले, जाळी काढली, तरी तेच. कोन गेला का?

सोल्डरबाबा

दुसऱ्या फ्रेटचा बी, म्हणजे ६१.७ हर्ट्झ. ॲम्प उघडू नकोस. उचलून स्वयंपाकघरात ने आणि तोच सूर वाजव. झणझण तिथे नसेल तर परत खोलीत ये आणि कोणाला तरी खिडकीच्या काचेवर तळहात ठेवायला सांग.

चौतारी

काच नव्हे, कपाटावरचा स्टीलचा डबा. झाकण सैल होतं.